जुन्या लेखांचे वाचक

ग्रंथालयातील एखादे पुस्तक चोरीला गेले, तर ते गेले एवढे निदान समजते. परंतु तेच पुस्तक कोणी अनवधानाने भलत्याच कपाटात ठेवले, तर स्थिती मोठी विचित्र होते. नोंदवहीत त्याचे नाव असते, क्रमांक असतो, किंमतही लिहिलेली असते. फक्त ते हाती लागत नाही. वाचक एकदा विचारतो, दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारीत नाही. म्हणूनच ग्रंथमोजणीच्या वेळी एकेक फळी उतरवून पाहण्याचे कंटाळवाणे काम ग्रंथपालांना करावे लागते, आणि हरवली म्हणून सोडून दिलेली कित्येक पुस्तके त्या धुळीतच सापडतात. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील एक सूत्र ग्रंथाला त्याचा वाचक मिळवून देण्याविषयी आहे. वाचकाने ग्रंथ शोधीत यावे एवढ्यावर रंगनाथनांचे समाधान झाले नाही. ग्रंथाच्या बाजूनेही कोणी तरी खटपट केली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

आंतरजालावरील जुन्या लेखांची स्थिती आज पुष्कळ अंशी भलत्या कपाटात पडलेल्या पुस्तकासारखी आहे. वृत्तपत्रे, मासिके, विद्यापीठे, शासकीय खाती आणि हौशी अभ्यासक यांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपापल्या संकेतस्थळांवर अपार मजकूर ठेवला. लेख प्रसिद्ध होतो त्या दिवशी तो मुखपृष्ठावर झळकतो. दुसऱ्या दिवशी चार नवे लेख येतात आणि तो खाली सरकतो. महिन्याभरात तो यादीच्या दहाव्या पानावर जातो, आणि वर्षाने कोणत्या पानावर असेल हे त्याच्या लेखकालाही सांगता येत नाही. लेख नष्ट झालेला नसतो, कोणी तो काढून टाकलेलाही नसतो. त्याच्याकडे जाणारी पायवाट मात्र गवताने झाकून गेलेली असते. ती मोकळी कशी करावी, हा संपादकाच्या, ग्रंथपालाच्या आणि लेखकाच्याही जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. पुण्यातील ग्रंथालयात बांधून ठेवलेले मासिकांचे खंड पाहण्यासाठी इंदूरच्या, बडोद्याच्या किंवा तंजावरच्या मराठी वाचकाला सहसा जाता येत नाही. त्याच्यासाठी शोधयंत्र हेच ग्रंथालयाचे दार होय.

हे शोधयंत्र करते तरी काय? त्याची कार्यपद्धती एकदा समजली, की जुना लेख का हरवतो हेही बऱ्याच अंशी उलगडते. शोधयंत्राच्या चाकरीत असंख्य स्वयंचलित वाचक असतात. त्यांना क्रॉलर म्हणतात. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणारा जो संकेत असतो त्याला दुवा म्हणतात, आणि हे क्रॉलर अशा दुव्यांवरून पावले टाकीत पानामागून पान वाचीत जातात. वाचलेल्या मजकुराची एक अवाढव्य शब्दसूची तयार होते. ग्रंथाच्या शेवटी जशी सूची असते आणि कोणता शब्द कोणत्या पृष्ठावर आला हे तीत दाखवलेले असते, तशीच ही असते. मात्र तिच्यातील पृष्ठे अब्जावधी असतात. वाचकाने दोन शब्द लिहिताच यंत्र सारे आंतरजाल धुंडाळू लागते, अशी पुष्कळांची समजूत आहे. वास्तविक ते आपली आधीच करून ठेवलेली सूची पाहते. जे पान सूचीत आले नाही, ते शोधयंत्राच्या जगात अस्तित्वातच नसते.

सूचीत आलेल्या हजारो पानांपैकी वर कोणते दाखवावे? सेर्गे ब्रिन आणि लॅरी पेज या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोघा तरुण संशोधकांनी १९९८ मध्ये यावर जो उपाय सुचवला, तो प्रसिद्धच आहे. एखाद्या पानाकडे किती पाने बोट दाखवतात, आणि बोट दाखवणाऱ्या पानांचे स्वतःचे वजन किती, यावरून त्या पानाचे वजन ठरवावे, अशी ती कल्पना होती. विद्वानाची योग्यता त्याला कोण मान देतो यावरून ठरवण्यासारखाच हा प्रकार. पुढे या मोजमापात पुष्कळ भर पडली, पण दुव्यांचे महत्त्व संपले नाही. आता मुखपृष्ठावरून खाली घसरलेल्या लेखाचे काय होते ते पाहण्यासारखे आहे. त्याच्याकडे बोट दाखवणारी पाने एकेक करून कमी होतात. क्रॉलरला तेथवर पोहोचण्यासाठी पूर्वी एक पाऊल टाकावे लागे, तेथे आता वीस पावले टाकावी लागतात. साहजिकच तो तिकडे क्वचित फिरकतो. घरचीच माणसे ज्याची आठवण काढीत नाहीत, त्याला परक्याने का विचारावे?

वयाचा म्हणून काही दोष असतो काय? येथे पुष्कळ संपादकांची फसगत झाली आहे. गूगलने नोव्हेंबर २०११ मध्ये आपल्या पद्धतीत एक फेरफार केला. ताज्या मजकुराला काही प्रश्नांच्या बाबतीत अधिक महत्त्व मिळू लागले, आणि सुमारे पस्तीस टक्के शोधांवर या फेरफाराचा परिणाम होईल असे तेव्हा सांगण्यात आले. निवडणुकीचा निकाल, क्रिकेटचा सामना, वादळाची वार्ता यांच्या बाबतीत ताजेपणाला अग्रमान देणे रास्तच आहे. परंतु यावरून जुने ते यंत्राला नावडते असा सरसकट निष्कर्ष काढला गेला, तो निराधार होय. सीनेट या अमेरिकेतील तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने आपले हजारो जुने लेख काढून टाकल्याची बातमी ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. झाडाच्या वाळक्या फांद्या छाटल्या म्हणजे उरलेले झाड जोमाने वाढते, तसे जुने लेख काढले म्हणजे शोधयंत्राच्या नजरेत संकेतस्थळ टवटवीत दिसेल, असा त्यामागील विचार होता. गूगलच्या वतीने त्याच सुमारास असा खुलासा करण्यात आला, की केवळ जुना म्हणून मजकूर काढून टाकण्यात काही अर्थ नाही. काढलेल्या लेखांची प्रत इंटरनेट अर्काइव्ह या संग्रहात ठेवण्याची दक्षता सीनेटने घेतली होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु त्या संग्रहातील प्रत सामान्य शोधात सहसा वर येत नाही. मूळ पत्ता ज्याच्या हाती आहे, त्यालाच ती सापडते. छाटलेली फांदी वाळकी होती की फळाची होती, हे छाटण्यापूर्वी पाहिले गेले काय, हा प्रश्न उरतोच.

याच्या उलट अनुभवही नोंदलेला आहे. हबस्पॉट या अमेरिकी व्यवसायसंस्थेने काही वर्षांपूर्वी आपल्या लेखांचा हिशेब मांडला. एखाद्या महिन्यात जेवढी वाचने होत, त्यांतील ७६ टक्के वाचने त्या महिन्यापूर्वी लिहिलेल्या लेखांची होती. संस्थेकडे चौकशीसाठी येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी ९२ टक्के गिऱ्हाइके अशाच जुन्या लेखांवरून येत. अधिक खोलात पाहता असे दिसले, की सुमारे सहा हजार लेखांपैकी अवघे तीस लेख जवळजवळ निम्मी गिऱ्हाइके आणीत होते! संस्थेची माणसे तर रोज नवे लेख लिहिण्यात गुंतलेली होती. मग त्यांनी नव्याचा हव्यास थोडा आवरला आणि निवडक जुने लेख दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध केले. त्या लेखांकडे शोधयंत्रावरून येणारे वाचक सरासरीने दुपटीहून अधिक झाले. हे सारे एका व्यापारी संस्थेचे आकडे आहेत आणि प्रत्येक संस्थेला तेच लागू पडतील असे नाही. तथापि जुन्या लेखांवर घालवलेला वेळ वाया जातो, ही समजूत त्यांनी खोटी ठरवली.

न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राची कथा अधिक बोधक आहे, कारण तेथे प्रश्न दुरुस्तीचा नव्हता, कुलपाचा होता. या पत्राने सप्टेंबर २००५ मध्ये आपले नामवंत स्तंभलेखक आणि जुन्या अंकांचा संग्रह वर्गणीच्या दाराआड ठेवला. पैसे भरणारे दोन लाखांहून अधिक वर्गणीदारही मिळाले. परंतु दोनच वर्षांनी, सप्टेंबर २००७ मध्ये, ते दार काढून टाकण्यात आले. दरम्यानच्या काळात वाचकांची येण्याची रीत पालटली होती. मुखपृष्ठ उघडून आत शिरणाऱ्यांऐवजी शोधयंत्रावरून किंवा दुसऱ्याच्या दुव्यावरून थेट एखाद्या लेखावर उतरणारे वाचक वाढत चालले होते, आणि त्यांना दारावरूनच परत पाठवणे वर्गणीच्या उत्पन्नापेक्षा महाग पडत होते. १९८७ नंतरचा सर्व संग्रह, तसेच १८५१ ते १९२२ या काळातील मजकूर, तेव्हा विनामूल्य खुला करण्यात आला. पुढे २०११ मध्ये या पत्राने वर्गणीची निराळी पद्धत आणली, ही गोष्ट खरी. पण शंभर वर्षांपूर्वीचा लेखही आजच्या वाचकाला हवा असू शकतो, हे एका मोठ्या वृत्तपत्राने व्यवहाराच्या भाषेत मान्य केले, हे विसरण्याजोगे नाही.

पायवाट बुजण्याचे सर्वांत क्षुल्लक आणि सर्वांत घातक कारण म्हणजे पत्ता बदलणे. संकेतस्थळाचे रूप दर चार-पाच वर्षांनी नवे करण्याची एक हौस सर्वत्र दिसते. रंग बदलतात, मांडणी बदलते आणि त्या धांदलीत लेखांचे पत्तेही बदलतात. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते, की पत्ता असा योजावा की तो पुढे बदलावा लागू नये. त्यांचे ऐकले किती जणांनी? अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले, की २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या दुव्यांची हार्वर्डच्या अभ्यासकांनी तपासणी केली, तेव्हा त्यांतील निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोहोचतच नव्हते. त्यांचा हा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निकालपत्रात ज्याचा आधार घेतला, तो कागदच दिसेनासा झाला तर पुढील वकिलाने काय करावे?

यावरील उपाय अवघड नाही. टपाल खात्याला जसे नव्या घराचे ठिकाण कळवून ठेवतात, तशी सूचना जुन्या पत्त्यावर ठेवता येते. लेख कायमचा दुसरीकडे गेला आहे आणि तो अमुक ठिकाणी आहे, असे संगणकाला सांगणारा ३०१ हा संकेत त्यासाठीच आहे. वाचक आपोआप नव्या जागी जातो, आणि जुन्या पत्त्याने कमावलेले वजनही बहुतांशी नव्या पत्त्याला मिळते. येथे एक आळशी पद्धत रूढ झाली आहे, तिचा निषेधच केला पाहिजे. प्रत्येक लेखाचा नवा पत्ता शोधून देण्याऐवजी सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवून दिले जातात. नाशिकच्या द्राक्षांवरील लेख वाचायला आलेल्या माणसाला संस्थेच्या दिवाणखान्यात आणून बसवायचे आणि द्राक्षांचे नावही काढायचे नाही, असा हा पाहुणचार आहे. शोधयंत्रेही अशा वळणाला पान हरवल्यातच जमा करतात.

येथवर जे सांगितले ते कोणत्याही भाषेला लागू आहे. मराठीचे दुखणे मात्र याहून खोल आहे, कारण मराठीत पुष्कळदा पत्ता शाबूत असतो, पान उघडते, डोळ्यांना मजकूर दिसतो. आणि तरीही यंत्राच्या लेखी तेथे एकही मराठी शब्द नसतो!

हा चमत्कार जुन्या अक्षरसंचांमुळे घडतो. युनिकोड या सर्व भाषांच्या सामाईक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून स्थान आहे. पण ती प्रणाली सामान्य संगणकावर रुळेपर्यंत पुष्कळ वर्षे गेली. तोपर्यंत कृतिदेव, शिवाजी आणि प्रत्येक वृत्तपत्राचे निराळे असे फॉन्ट यांवर काम चाले. या फॉन्टांची युक्ती साधी होती. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षराचा संकेत साठवायचा आणि पडद्यावर त्या अक्षराच्या जागी देवनागरी चित्र उमटवायचे. कृतिदेवमध्ये ‘राम’ हा शब्द टंकला, तर संगणकाच्या स्मृतीत जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे राहतात. पडद्यावर राम दिसतो. शोधयंत्राला मात्र तीन निरर्थक इंग्रजी अक्षरांखेरीज काही दिसत नाही. आज एखाद्या वाचकाने युनिकोडमध्ये ‘राम’ लिहून शोध घेतला, तर तो लेख कधीही पुढे येणार नाही. छपाईच्या सोयीसाठी काढलेली ही तोड त्या काळी उपकारकच होती आणि तिच्या जोरावर मराठी मजकूर आंतरजालावर लवकर आला. परंतु त्यातील जो मजकूर पुढे परिवर्तित झाला नाही, तो वाचकांना दिसत असूनही शोधाला पारखा झाला.

असे लेख युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके उपलब्ध आहेत. तथापि त्यांच्यावर डोळे मिटून विसंबणे इष्ट नाही. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते म्हणून आधी साठवलेली असे. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. रफाराची गोष्ट नेमकी उलट. परिवर्तकाने जरा चूक केली, की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, आणि वाचकाला हसू येण्याजोगा तो शब्द यंत्राला अपरिचित होतो. छापील पानांची छायाचित्रे घेऊन चढवलेल्या जुन्या अंकांची स्थिती याहून बिकट आहे. छायाचित्र म्हणजे यंत्राच्या दृष्टीने निव्वळ काळेपांढरे ठिपके. त्यातील अक्षरे ओळखून मजकूर तयार करणाऱ्या प्रणाली आता मराठीलाही पुष्कळ बऱ्या साधल्या आहेत. पण ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, तसेच ‘ख’ आणि ‘रव’ यांत त्यांचा गोंधळ होतो. खिळे झिजलेल्या जुन्या छपाईत तर माणसाचाही होतो. मुद्रितशोधकाचे काम यंत्रामुळे संपले असे जे म्हणतात, त्यांनी अशी चार पाने तपासून पाहावीत.

शुद्धलेखनाचा पेच याहून नाजूक आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाले आणि जुने अनुच्चारित अनुस्वार गळून पडले. त्यापूर्वीच्या लेखांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘पुस्तकें’ अशी रूपे सर्रास आढळतात. आजचा वाचक ‘नाव’ लिहून शोधतो. जुन्या लेखात ‘नांव’ आहे. दोहोंमध्ये एका टिंबाचे अंतर, पण तेवढ्यासाठी आजोबांचा लेख नातवाला सापडत नाही. अलीकडच्या मजकुरातही अशी अदृश्य अंतरे आहेत. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी साठवता येतो, आणि पडद्यावर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी दिसतात. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेत मिळाला तो २००८ मध्ये. त्यापूर्वी ते ‘अ’वर अर्धचंद्र देऊन लिहिले जाई आणि आजही पुष्कळ जण तसेच लिहितात. मोठी शोधयंत्रे यांतील काही रूपे एकच मानू लागली आहेत, पण संकेतस्थळाची स्वतःची शोधपेटी पुष्कळदा तेवढी शहाणी नसते.

मग जुन्या लेखातील लेखन बदलून टाकावे काय? मुळीच नाही. १९४० सालच्या निबंधातले अनुस्वार पुसणे म्हणजे त्या काळाचा ठसा पुसणे होय. मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवून शीर्षकाखाली आजच्या लेखनात दोन ओळींचा परिचय द्यावा. त्यात विषय, व्यक्ती आणि स्थळे यांची नावे प्रचलित रूपात यावीत. वाचकाला परिचय मिळतो, यंत्राला शब्द मिळतात आणि लेखकाच्या अक्षराला धक्का लागत नाही.

सर्व जुने लेख एका मापाने मोजता येत नाहीत, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. समजा, एखाद्या संकेतस्थळावर २००९ साली सातबाराचा उतारा कसा मिळवावा यावर लेख आला होता. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून होणारा हा उतारा शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा. त्यामुळे त्याचा शोध सदैव चालू असतो. पण महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला उतारा मिळू लागला, आणि त्या लेखातील निम्मी वाट चुकीची झाली. असा लेख शोधात वर आला, तर तो वाचकाचा एक दिवस आणि एसटीचे भाडे फुकट घालवील. येथे आधी दुरुस्ती, मगच वाचकांना बोलावणे. शिवाय कोणी ‘सातबारा’ लिहितो, कोणी ‘७/१२’ लिहितो, कोणी तेच आकडे इंग्रजीत लिहितो, तर कोणी सारा शब्दच रोमन अक्षरांत लिहितो. शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात ही प्रचलित रूपे सहजपणे आली, तर लेख त्या सर्वांना सापडतो. ओढूनताणून दहा वेळा आणली, तर वाचणारा वैतागतो आणि यंत्रही संशय घेते.

दुसरे उदाहरण पानशेतच्या पुराचे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि पुणे शहराचा नदीकाठ वाहून गेला. तो दिवस पाहिलेल्या माणसाची आठवण एखाद्या जुन्या लेखात असेल, तर तिच्यात दुरुस्त करण्यासारखे काय असणार? तिला ताजेपणा देण्याची खटपट हा तिच्यावर अन्याय ठरेल. तिला हवे असते ते स्पष्ट शीर्षक. ‘तो काळा दिवस’ या शीर्षकावरून कोणत्या दिवसाविषयी लेख आहे, हे ना वाचकाला कळते ना यंत्राला. त्यात पानशेत हा शब्द आणि १९६१ हा आकडा आला, की निम्मे काम झाले. आणि दर जुलैमध्ये त्या घटनेवर नवे काही लिहिले जाईल, तेव्हा त्या नव्या लेखातून या जुन्या आठवणीकडे एक दुवा द्यावा, म्हणजे उरलेलेही झाले.

मराठी विश्वकोशाच्या संपादकांनी ही गोष्ट कागदावर फार पूर्वी साधली होती. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील नोंदींच्या शेवटी ‘पहा’ असे लिहून संबंधित नोंदींची नावे दिलेली आढळतात. दुवा म्हणजे दुसरे काय? शिवाय गावांच्या नोंदींत लोकसंख्येचा आकडा आला, की पुढे कंसात जनगणनेचे साल येते. आता हा कोश आंतरजालावर आहे आणि १९७१ ची लोकसंख्या देणारी नोंद आजही वाचली जाते; परंतु तिने कोणाची फसवणूक केली असे म्हणता येणार नाही, कारण साल शेजारीच उभे आहे.

तारखेच्या बाबतीत हा प्रामाणिकपणा सर्वत्र दिसत नाही. मजकुराला हात न लावता केवळ प्रसिद्धीची तारीख आजची करून टाकण्याची एक क्लृप्ती चालते. किराणा दुकानात जुन्या डब्यावर नवी चिठ्ठी चिकटवण्यासारखाच हा व्यवहार. शोधयंत्रे त्याला फार काळ भुलत नाहीत; पण ती भुलली तरी तो वाईटच. लंडनच्या गार्डियन या पत्राने २०१९ मध्ये उलट मार्ग स्वीकारला. त्याची एक जुनी बातमी समाजमाध्यमांतून एकाएकी नव्याने फिरू लागली होती आणि ती आजचीच आहे असे पुष्कळांना वाटत होते. तेव्हापासून जुन्या लेखांवर, हा लेख इतक्या वर्षांपूर्वीचा आहे, असे सांगणारी ठळक पिवळी पट्टी दिसू लागली. मूळ तारीख ठेवावी, दुरुस्ती केली असेल तर तिचीही तारीख द्यावी आणि काय बदलले ते एका ओळीत सांगावे, एवढे कोणत्याही छोट्या संकेतस्थळाला जमण्यासारखे आहे.

अलीकडे या साऱ्या खटाटोपावर एक नवे सावट आले आहे. शोधयंत्रे आता प्रश्नाचे उत्तर स्वतःच सारांशरूपाने वर मांडू लागली आहेत. प्यू केंद्राने २०२५ मध्ये अमेरिकेतील वाचकांविषयी जी पाहणी प्रसिद्ध केली, तिच्यानुसार असा सारांश दिसला तेव्हा शंभरातील आठ वेळाच कोणी खालच्या एखाद्या दुव्यावर गेले. सारांश नव्हता तेव्हा हे प्रमाण पंधरा होते. लेखाचा अर्क निघून जावा आणि लेखाकडे कोणी फिरकू नये, ही लेखकाच्या दृष्टीने कटू गोष्ट आहे. मात्र सातबाराची चार वाक्यांतली माहिती सारांशात मावते. पुराच्या दिवसाची आठवण मावत नाही. कोणत्या जुन्या लेखांवर आधी श्रम करावेत, हे ठरवताना या फरकाचा उपयोग होईल.

सुरुवात कोठून करावी, हे संपादकाला तर्काने ठरवण्याची आवश्यकता नाही. मोठ्या शोधयंत्रांचे चालक संकेतस्थळांच्या मालकांना एक अहवाल विनामूल्य पाहू देतात. कोणत्या शब्दांवरून कोणते पान किती वेळा दाखवले गेले आणि त्यांपैकी कितींनी ते उघडले, हे त्यात दिसते. जो लेख हजारदा दाखवला गेला आणि पाच वेळाच उघडला गेला, त्याचे शीर्षक बहुधा मुके असते. पण याहूनही बोलकी अशी एक वही प्रत्येक संकेतस्थळाच्या संगणकात आपोआप लिहिली जात असते. कोणीही एखादे पान मागितले की तिच्यात एक ओळ पडते, आणि मागितलेले पान नसले तर त्या ओळीपुढे ४०४ हा आकडा येतो. कित्येक वर्षांपूर्वी रूपांतराच्या धांदलीत गहाळ झालेल्या लेखाचा पत्ता या वहीत पुन्हा पुन्हा आलेला आढळतो. त्यांतील काही खेपा यंत्रांच्या असतात, त्या वगळाव्या लागतात. उरलेल्या ओळींमागे माणसे असतात. कोणा प्राध्यापकाने टिपणात उतरवून ठेवलेला तो पत्ता असेल, कोणी परगावच्या भावाला पाठवलेला असेल, कोणा मुलीला आपल्या वडिलांचा लेख पाहायचा असेल. दार बंद असूनही ती येऊन गेली. त्या ओळींतील जो पत्ता सर्वाधिक वेळा आला असेल, त्याचा लेख जुन्या साठ्यातून काढून प्रथम जागेवर ठेवावा, आणि मग त्याखालचा घ्यावा.